चाकणची डाकमोटार

चाकण,
रविवार, ता. ६ जानेवारी १९५७

बरकतचाचांस ज्योतीरामचा सलाम.

ओळखलंत का? चाकणच्या अर्जुनराव डाकमोटारवाल्यांचा मुलगा. तुमच्या मांडीवर बसून हॉर्न दाबायचा आणि चापट खायचा, तोच मी. तुमचा पत्ता मिळवायला तीन महिने लागले. शेवटी तळेगाव स्टेशनवरच्या एका जुन्या हमालानं सांगितलं की, तुम्ही करमाळ्याला लेकीकडे, हसीनाबीकडे असता. पत्र पोचलं तर बरं, नाही पोचलं तर हमालाला शिव्या देईन.

दादा, तुमचे मालक, चार वर्षांपूर्वी गेले. मी आता पिंपरीला औषधांच्या कारखान्यात फिटर आहे. आठवडाभर काळेवाडीला चौघांत एक खोली करून राहतो आणि शनिवारी शिफ्ट संपली की सायकल हाणत घरी येतो. घरी माझी बायको रंभा एकटी असते. तिला पाचवा महिना आहे. माहेर नाही, आईबाप ती लहान असतानाच गेले. गाव तेच, घर तेच, दवाखाना तोच तळेगावचा आणि मधला बारा मैलांचा रस्ताही तोच. एसटी दिवसातून दोनदा येते, तीही तिच्या लहरीनं.

माझी आई ह्याच घरात बाळंतपणात अडली आणि मोटार निघाली नाही म्हणून गेली, पोटातल्या जिवासकट. तुम्ही तिथं होतात, तुम्हाला मी काय सांगू? मी अकरा वर्षांचा, दादांबरोबर जुन्नरला लग्नात लाडू खात होतो. तेव्हा वैशाख होता. रंभाचे दिवसही वैशाखातच भरतात. मला भीती वाटते चाचा, उगाच शूरपणा कशाला दाखवू?

म्हणून मागच्या शेडातली डाकमोटार मी बाहेर काढली आहे. वैशाखाच्या आत ती चालू करायचीच. गाव हसतं, एकतीस सालची शेवरलेट व्हॅन आणि तिच्या बॉनेटमध्ये कोंबड्यांनी घातलेली अंडी! पण मीही हट्टाला पेटलोय. टायर देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणले. एक दिवा पिंपरी कॅम्पातल्या सिंधी भंगारवाल्याकडे मिळाला. आणि आपला रेडिएटर कुठं सापडला माहीत आहे? खेडच्या पिठाच्या गिरणीत, इंजिनाला जोडलेला! दादांनी कधी दिला देव जाणे. गिरणीवाला सोडेना, मग त्याच्यासाठी पत्र्याची टाकी बनवून दिली तेव्हा कुठं सुटला.

आता मुद्द्याचं. दादा मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "बरकत म्हणाला होता, मशीन खोलू या. मीच म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे." त्या एका वाक्यानं त्यांना अकरा वर्षं खाल्लं. मीही त्यांना खाल्लं म्हणा. जाणता झाल्यापासून त्यांच्याशी धड बोललो नाही. शेवटचं पाणी पाजलं, तेसुद्धा गप्प राहून.

मशीन आता मी खोललं आहे. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व, सगळं जागच्या जागी आणि ठणठणीत. फक्त एक बारकासा तुकडा नाही, पण तो मागाहून कुणी उचलला असणार. त्यात बिघडलेलं असं काहीच नाही. मग त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? तेवढं लिहा, म्हणजे पुन्हा तसं होऊ देणार नाही.

तुमचा,
ज्योतीराम


करमाळा,
ता. १५ जानेवारी १९५७

बाळ ज्योतीराम यास बरकतची दुवा.

पत्र पोचलं. हमालाला शिव्या देऊ नकोस, भला माणूस आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून अक्षर मोठं आणि वाकडं. चौथीपर्यंतच्या मराठी शाळेची एवढीच कमाई.

मालक गेल्याचं वाचून हसीनानं दिलेला चहा तसाच गार झाला. अकरा वर्षं तेच म्हणत होते, असं लिहिलंस. खरंच तसं म्हणत होते का रे?

मशीनचं विचारतोस, तर त्याला जमाना झाला. हवा दमट होती, प्लगला ओल धरली असेल. जुनी गोष्ट खोलून काय हाती लागणार? आणि रोटर म्हणशील तर तो उंदरांनी नेला असेल. उंदीर काय वाटेल ते नेतात.

माझं ऐकशील तर ती मोटार मोडीत काढ. ती चांगली मोटार नाही. मागच्या चाकांच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, डाव्या दाराची कडी आपोआप निघते. रंभाबेटीला सातव्या महिन्यात पिंपरीला नाहीतर पुण्याला नेऊन ठेव. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

हसीना सलाम सांगते.

बरकत


चाकण,
रविवार, ता. १० फेब्रुवारी १९५७

बरकतचाचांस सलाम.

वैशाखात दमट हवा? तेही चाकणला? चाचा, थाप मारायची तर महिना बघून मारावी.

आणि दुसरं. माझ्या पत्राची नक्कल नाही माझ्याकडे, पण लिहिलेलं मला पाठ आहे. "एक बारकासा तुकडा नाही" एवढंच मी लिहिलं होतं. तो रोटर आहे हे मी लिहिलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही. तुमच्यावर आळ घेत नाही, पण तुम्हाला काही माहीत आहे.

रंभाला कुठं नेऊ? कारखान्याचं क्वार्टर अजून मिळालेलं नाही आणि काळेवाडीच्या खोलीत चार पुरुष. पुण्यात ओळखीचं कुत्रं नाही. मोटार हाच इलाज आहे आणि मोटार त्या करंगळीएवढ्या तुकड्यावर अडली आहे. तो फिरला नाही तर सहातल्या एकाही प्लगला ठिणगी पोचत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पुण्याचा जुना बाजार तीनदा पालथा घातला. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टवाल्यांकडे एक रजा घालवली. नव्या सालांचे मिळतात, पण ते दांड्यावर बसत नाहीत. मग नाशिक रस्त्यावरच्या रहिमान मेकॅनिकनं आणि मी मिळून एक घरीच बनवला. हा रहिमान ट्रक आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. हाताला गुण आहे आणि तोंडाला कुलूप, मला तसाच माणूस लागतो.

आता जे लिहितो त्याला हसू नका. आमच्या रोटरवर मोटार तीनदा चालू झाली. पहिल्यांदा दुपारी, दुसऱ्यांदा चारच्या सुमाराला, तिसऱ्यांदा आणखी उशिरा. तिन्ही वेळा ती दिवेलागणीला बंद पडली आणि डावं दार आपोआप उघडलं. रहिमान म्हणतो, रोटर तापून तडकतो, आणि तो तडकलेला मिळालाही. दाराची कडी निघते हे तुम्हीही लिहिलंत. म्हणजे सगळ्याला कारण आहे. रंभाच्या विचारण्याला मात्र कारण सापडत नाही.

गेल्या रविवारी ती तुळशीपाशी दिवा लावून परत आली आणि तिनं मला विचारलं, "अहो, बरकत कोण?"

तुमचं नाव मी तिच्यापुढं कधी काढलेलं नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाली, "शेडातून कुणीतरी बाई हाक मारत होती. मला वाटलं, शेजारचं कुणी असेल."

मोटारीतली मागची फळी उचकटली तेव्हा तिच्याखाली हिरव्या बांगडीचे दोन तुकडे मिळाले होते. म्हणजे आई मोटारीत बसली होती. मग मोटार तयार होती ना चाचा? बिघडलेल्या मोटारीत अडलेल्या बाईला कोण बसवतं?

खरं ते लिहा.

ज्योतीराम


करमाळा,
ता. २४ फेब्रुवारी १९५७

बाळ ज्योतीराम,

ह्या पत्राबरोबर लहानसं पार्सल आहे. आधी पत्र वाच, मग ते उघड.

रोटर माझ्याकडे होता. पंधरा वर्षं कोटाच्या आतल्या खिशात. तू सगळा मुलूख पालथा घातलास आणि कळसा माझ्या काखेत होता.

तुला आठवत नसेल. त्या काळी चोर मोटारी पळवत, म्हणून संध्याकाळी शेडात मोटार लावली की मी रोटर काढायचो आणि मागच्या दारी ओट्यावर ठेवायचो. बाई, म्हणजे तुझी आई, तो उचलून देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवायच्या. म्हणायच्या, मोटारीचा जीव एवढाच, तो देवाजवळ असू दे. सकाळी पूजा झाली की पदराला पुसून तो माझ्या ओंजळीत वरून टाकायच्या. हाताला हात लागू नये, अशी रीत होती. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण टाकताना रोज म्हणायच्या, "जपून ने, जपून आण." माझ्या सख्ख्या आईनंही मला असं रोज कधी म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं असं चाललं.

त्या शनिवारी गावाचा बाजार. आळीत चिटपाखरू नाही, सुईणही बाजारात. मी शेडात मोटार पुसत होतो. बाई भिंत धरत धरत आल्या. "बरकत, मोटार काढ. मला तळेगावला ने." मी त्यांना मागं डाकेच्या पिशव्यांवर बसवलं. त्या म्हणाल्या, "रोटर देव्हाऱ्यात हाय. आत जाऊन घे."

बेटा, त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आत जाऊन घे, म्हणाल्या होत्या.

मी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. समई जळत होती. रोटर दिसत होता, चार हातांवर. माझा पाय उचलेना. नऊ वर्षांत स्वयंपाकघराची पायरी मी चढलो नव्हतो. मनात आलं, बाईंचं सोवळं, मालकांचे देव, आपण आत गेलो तर बाटतील. बाई आता दुखण्यात म्हणतायत, उद्या लोक काय म्हणतील? मला कुणी अडवलं नाही. मीच अडलो. म्हटलं, चार पावलांचं काम आहे, कुणीतरी हिंदू बाई बोलावून आणू.

मग बाजाराकडे पळालो. वेशीपाशी मागून हाक ऐकली, "बरकत!" तरी थांबलो नाही. गर्दीत ओळखीची बाई मिळेना, मिळाली ती येईना. शेवटी उद्धवरावांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मोटारीचं डावं दार उघडं होतं. बाई संपल्या होत्या.

म्हातारीनं सुतक म्हणून देव टोपलीत भरले आणि रोटर ओट्यावर आणून टाकला. "हे काय रं? तुझं हाय का?" मी म्हटलं, माझं आहे. अगदी तेवढंच म्हटलं. मधे चार पावलं होती, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. विचारलं, मोटार का निघाली नाही? मी म्हटलं, मशीन बिघडलं. आठवड्यापूर्वी मी मशीन खोलू या म्हणालो होतो ते त्यांना आठवलं. ते मटकन खाली बसले. मला दिसत होतं ते कशानं बसले, तरी मी खरं बोललो नाही. महिन्याच्या आत चाकण सोडलं. त्यांनी अकरा वर्षं ते ओझं वाहिलं, हे मला तुझ्या पत्रानं कळलं.

इथं करमाळ्यालाही दिवेलागणीला हाक येते. हसीनाला ऐकू येत नाही. मी रोज उठून दारापर्यंत जातो आणि परत येतो.

रोटर लाव. माझ्यासाठी नको, रंभाबेटीसाठी लाव.

बरकत


चाकण,
रविवार, ता. १७ मार्च १९५७

पार्सल मिळालं. पत्र दोनदा वाचलं.

उंबऱ्याशी तुमचा पाय अडला, त्याबद्दल मी बोलणार नाही. तो उंबरा आमच्याच घरचा होता. पण दादांचं काय? तुमच्या एका शब्दावर मी बापाला आरोपी केलं. एका ताटात जेवायचो नाही. जाताना ते माझ्याकडं बघत होते आणि मी भिंतीकडं. ते तुम्ही कुठल्या पार्सलातून परत पाठवणार?

हा रोटर मी मोटारीला लावणार नाही. माझ्यानं तो हातात धरवत नाही. मुंबईला एका पारशी गृहस्थाकडे तसलीच व्हॅन मोडीत निघते आहे, त्यानं तिचा रोटर पाठवायचं कबूल केलं आहे. तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाही, रंभालाही नाही. ते काळेवाडीच्या खोलीत माझ्या ट्रंकेत कुलपात आहे. रोटर बघून रंभानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, असाच एक तुकडा आहे, ठेव कुठंतरी. तर तिनं तो पदराला पुसला आणि देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवला. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

मला पत्र लिहू नका.

ज्योतीराम


कार्ड
करमाळा, ता. २५ मार्च १९५७

लिहू नको म्हणालास तरी कार्ड टाकतो. शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण मुंबईच्या मालावर विसंबू नकोस. मीसुद्धा एकदा, कुणीतरी येईल, म्हणून थांबलो होतो.

बरकत


तळेगाव,
रविवार, ता. २८ एप्रिल १९५७

बरकतचाचांस ज्योतीरामचा सलाम.

हे पत्र दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. मुलगी झाली. रंभा आणि ती, दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहिलं, कारण तुम्ही बाकीचं पत्र धड वाचणार नाही हे मला माहीत आहे.

मुंबईचा रोटर आला नाही. पारश्याचं कार्ड आलं, पुढच्या महिन्यात पाठवतो. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत. कार्डावर तुम्ही लिहिलं होतंत तेच करत होतो, थांबलो होतो. तुमच्यावर रागावलो होतो आणि रागाची किंमत रंभाच्या जिवावर लावून बसलो होतो. एवढा शहाणा मी.

बुधवारी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. मी पिंपरीला शिफ्टवर. शालनबाई सुईण आली, पोटाला हात लावून बघितलं आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई हे, दवाखाना गाठा." एसटी नुकतीच गेलेली. शालनबाईनं शेजाऱ्याकडून रहिमानला बोलावणं धाडलं आणि दोघी जाऊन मोटारीत बसल्या. रहिमान धावत आला. बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला, कारण आम्ही बनवलेला शेवटचा रोटरही तडकलेला होता. रंभा आतून म्हणाली, "एक देव्हाऱ्यात आहे, घ्या जाऊन."

इथून पुढचं रहिमाननं परवा सकाळी मला सांगितलं. तो माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, म्हणून जसं सांगितलं तसं लिहितो.

"भाऊ, खरं सांगतो, मी उंबऱ्याशी उभा राहिलो. पाय आत जाईना. तुमचं देवघर, घरात कोणी नाही. ओरडलो, कोणी आहे का? तर बाई आतच होत्या. त्यांनी रोटर आणून दिला. मी ओंजळ केली, तर तशी नाही म्हणाल्या. माझा हात धरला आणि हातात ठेवला. म्हणाल्या, जपून ने, जपून आण. मी पळालो. एका हँडलात मोटार चालू झाली भाऊ, एका हँडलात. रस्त्यात दिवेलागण झाली तरी बंद पडली नाही. त्या बाईंना माझा सलाम सांगा. त्या नसत्या तर मी गावात कुणाला तरी शोधत फिरलो असतो."

मी विचारलं, "कुठल्या बाई?"

"तुमच्या घरातल्या. पदर पुढं होता, तोंड नाही दिसलं. हिरव्या बांगड्या होत्या. त्यांची तबियत बरी नाही का? हात फार गार होता."

चाचा, रंभा आणि शालनबाई मोटारीत होत्या. घरात तिसरं माणूस नव्हतं. मी शालनबाईला खोदून खोदून विचारलं, शेजारपाजारीही विचारलं. कुणी गेलं नव्हतं. आणि "जपून ने, जपून आण" हे शब्द तुमच्या पत्रात आहेत. पत्र ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कडदोऱ्याला.

मी फिटर माणूस आहे. तडकलेल्या रोटरला कारण असतं, उघडणाऱ्या दाराला असतं. ह्याला मी कारण शोधत नाही. भीती वाटते का विचाराल, तर वाटते. काल घरी गेलो तेव्हा देवघरात जाताना माझाच पाय उंबऱ्याशी अडला. मग आत गेलो आणि आधी दादांच्या फोटोपुढं उभा राहिलो. जे अकरा वर्षं बोलायचं राहिलं होतं ते बोललो. फार नव्हतं, दोन वाक्यंच निघाली. तुम्हाला माफ केलं का, ते मला अजून कळत नाही. कळलं की तोंडावर सांगेन.

त्यासाठी तुम्हाला यावं लागेल. हसीनाबीला घेऊन तळेगाव स्टेशनवर उतरा, मोटार घेऊन येतो. रोज संध्याकाळी रंभा नाहीतर मी रोटर देव्हाऱ्यात ठेवणार. सकाळी तुम्ही आत जाऊन घ्यायचा.

रहिमाननं पुन्हा विचारलं, "पण भाऊ, त्या बाई कोण?"

मी म्हटलं, "माझी आई."

चाचा, नऊ वर्षं ती वरून टाकायची म्हणालात ना? ह्या खेपेला तिनं हातात दिला. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र.

तुमचा,
ज्योती